मेंढीच्या वर्षाची सून

दासोम: नाही म्हणजे नाही. एक वेळ हे पोलकं घालीन, पण माझ्या आईला खोटं बोलायला सांगणार नाही.

ग्यूहो: अगं हळू! पडदा आहे तो, भिंत नाही. माझी आई तिकडं दुकानात कापड बघतेय.

दासोम: बघू दे. तू मघाशी काय म्हणालास ते परत म्हण. एकदा नीट ऐकू दे मला.

ग्यूहो: मी एवढंच म्हणालो, की रविवारी दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा हॉटेलात एकत्र जेवायला बसणार. तेव्हा तुझ्या आईनं तुझ्या जन्माचा विषय काढू नये. आणि आमच्यातल्या कुणी काढलाच, तर मार्च म्हणावं. मेंढीचं वर्ष म्हणावं. झालं.

दासोम: झालं! ज्या बाईनं जानेवारीच्या थंडीत मला जन्म दिला, तिनं म्हणावं मार्च.

ग्यूहो: एका जेवणापुरतं गं.

दासोम: तुझं सगळं एकेका जेवणापुरतंच असतं, ग्यूहो. पहिल्या जेवणाला काय म्हणाला होतास? गाडीतून उतरताना? 'आई काहीही म्हणाली तरी तू फक्त हो म्हण.' मी हो म्हणत बसले. माशाचं डोकं वाढलं, हो. भात परत वाढला, हो. आणि तोंडात घास असताना तुझ्या आईनं विचारलं, 'एक्क्याण्णवच्या पहिल्या महिन्यातली एकवीस, तिथीनंच ना?' मी म्हणाले, हो.

ग्यूहो: तिथं सांगायचंस ना, की तिथीनं नाही, तारखेनं.

दासोम: घास गिळेपर्यंत त्या तिसऱ्या प्रश्नावर गेल्या होत्या! आणि मला काय माहीत, दुसऱ्या दिवशी त्या उठून ज्योतिषीणबाईंकडं जाणार आहेत म्हणून. बारा वर्षांची बारा जनावरं; तिथीनं धरलं तर मार्च येतो, नवं वर्ष लागलेलं, मेंढीचं. तारखेनं धरलं तर जुनंच चालू, घोड्याचं. आणि घोडाही साधासुधा नाही, पांढरा, म्हणजे सगळ्यात हट्टी!

ग्यूहो: पण पत्रिका काय झकास जुळली होती. आई आठवडाभर गुणगुणत होती.

दासोम: जुळणारच. मेंढीशी कुणाचंही जुळतं. 'मुलगी शांत, आज्ञेतली, आवाज कधी चढवायची नाही.' तेव्हापासून मी मेंढी झालेय. केस वाढवले. हसताना तोंडावर हात. तुमच्या घरी गेले की सूपसुद्धा आवाज न करता पिते. माझ्या शाळेतल्या मुलींनी बघितलं तर लोळून लोळून हसतील.

ग्यूहो: डिसेंबरात लग्न आहे, दासोम. दोन महिने. फक्त लग्नापर्यंत.

दासोम: आणि मग?

ग्यूहो: मग काय, हळूहळू…

दासोम: हळूहळू काय? मेंढीची घोडी होणार? लग्नानंतर म्हणशील, आजी आहे तोवर. आजीनंतर म्हणशील, बाबांचं ब्लडप्रेशर आहे. तुझ्या 'फक्त'ला शेवट नाही रे. मी साठ वर्षांची होईन आणि तरी तू पडद्याबाहेर उभा राहून 'हळू, हळू' करत असशील.

आई: सूनबाई! ए सूनबाई! झालं का गं घालून? नाडी डाव्या बाजूला बांधायची हं!

दासोम: हो आई! झालंच!

ग्यूहो: बघ, कसं छान जमतं तुला.

दासोम: एक शब्द जरी बोललास ना ग्यूहो, तर या आरशावर आपटीन तुला. तू कुणाच्या प्रेमात पडलास ते आठवतंय का? दानोच्या सणाला वाळूच्या आखाड्यात उतरलास, मित्रांसमोर छाती काढून. 'शाळेतल्या बाई आहेत, जपून धरतो' म्हणालास. मी कमरेच्या पट्ट्याला धरून तुला उचललं आणि असं पाठीवर टाकलं, की तोंडातली वाळू दोन दिवस निघत होती.

ग्यूहो: तीन दिवस.

दासोम: आणि उताणा पडल्या पडल्या काय विचारलंस?

ग्यूहो: उद्या मोकळ्या आहात का, म्हणून.

दासोम: मग? तुला पाडलं ते घोडीनं, आणि घरी घेऊन चाललायस मेंढी. मी कुठं आहे यात?

ग्यूहो: तू माझ्यासाठी तीच आहेस गं. फक्त घरच्यांसाठी जरा…

दासोम: मी एकाच अंगात दोन बायका घालून हिंडू? हे एक पोलकं मावत नाहीये मला!

आई: कुणाशी भांडतेयस गं आत?

ग्यूहो: नाही आई, नाडी! नाडी अडकलीये!

आई: मग तू काय करतोयस तिथं पडद्याला नाक लावून? सरक, मी बघते. दुकानवाल्या बाई माडीवर गेल्यात माझ्यासाठी तागे काढायला, तोवर आपण हिचं उरकून घेऊ.

(पडदा सरकतो.)

आई: अगं बाई, काय गोड दिसतेय! ग्यूहो, बघ तरी! फिका गुलाबी मेंढीला खुलतोच, ज्योतिषीणबाईंनी सांगितलंच होतं. पण खांदे का गं असे ताणून धरलेस? सैल सोड की.

दासोम: सैलच आहेत, आई.

आई: हे सैल? काखेत उसवायला आलंय बघ. मेंढीला कुठले आले एवढे खांदे?

ग्यूहो: पोहायची ती, आई. लहानपणी. समुद्रकाठची ना.

दासोम: पोहायचे?

ग्यूहो: पोहायचीस की. थोडं थोडं.

आई: असू दे, असू दे. कापड सोडून घेऊ दोन्ही बाजूंनी. आणि रविवारी केस असे मागं घट्ट बांधू नकोस, कानांवरून सोड. चेहरा मऊ दिसतो. मुळ्याची किमची संपली का? मी पाठवलेली?

दासोम: हो आई. दोन दिवसांत संपली.

आई: दोन दिवसांत? एवढा मोठा डबा?

ग्यूहो: मी पण होतो, आई. मीच जास्त खाल्ली.

आई: आणखी देते. खात जा बाई, नाजूक आहेस. आणि शाळेचं काय ठरवलंस? मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष लागेल, तेव्हापासून नको आता. शाळेत मुलांना हातवर-हातखाली करवत उन्हात उभी राहतेस, कातडी बघ कशी रापलीये. सगळ्यांनी किती कौतुक केलं माझं, की अशी गरीब सून मिळायला नशीब लागतं. आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या, आजवर कुणाला चांगलं म्हणाल्या नाहीत. तुला म्हणाल्या, 'पोरगी आहे की नाही घरात, तेच कळत नाही.'

दासोम: हे… कौतुक आहे?

आई: त्यांच्या तोंडून? मोठंच! मला पस्तीस वर्षांत मिळालं नाही. म्हणून तर मी घाई केली. डिसेंबरात लग्न उरकलं की सगळं या वर्षात बसतं. पुढचं वर्ष घोड्याचं आहे, आणि तेही तांबड्या घोड्याचं. लग्न तसल्या वर्षात नको. आणि हे बघ, आईसारखी म्हणून सांगते, लाजू नकोस. मूल मात्र पुढच्या वर्षी होऊ देऊ नका. एक वर्ष दम धरा.

ग्यूहो: आई, आत्ता कशाला हे…

आई: आत्ता नाही तर कधी? मुलगा झाला तर ठीक. पण मुलगी झाली तर? घोड्याच्या वर्षातली मुलगी म्हणजे जन्माची डोकेदुखी. नवऱ्याला जुमानत नाही, सासरी टिकत नाही. कोण करणार तिच्याशी लग्न? त्यापेक्षा न झालेली बरी. कळलं ना, सूनबाई?

ग्यूहो: कळलं, आई. तिला कळलं.

आई: तिला बोलू दे की. कळलं ना?

दासोम: नाही.

आई: अं?

दासोम: नाही म्हणाले, आई. नाही कळलं.

ग्यूहो: दासोम…

दासोम: तू गप्प. आई, माझ्या आईच्या पोटात मी होते, तेव्हा तिलाही लोकांनी हेच सांगितलं होतं. पांढऱ्या घोड्याचं वर्ष आहे, मुलगी असेल तर कशाला ठेवतेस? तिच्या सासूनं सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सनंसुद्धा सांगितलं. आमच्या वर्गात मुलग्यांचा नुसता सुकाळ, आणि मुली हाताच्या बोटांवर. बाकावर मुलग्याशेजारी मुलगाच बसायचा. आमच्या वर्षी मुली कमी जन्मल्या नाहीत, आई. जन्मू दिल्या नाहीत. माझ्या आईनं कुणाचं ऐकलं नाही, म्हणून मी इथं हे घट्ट पोलकं घालून उभी आहे.

आई: तुमच्या वर्षी म्हणजे? तू तर मेंढीची.

दासोम: मी घोड्याची आहे. एकवीस जानेवारी, तारखेनं. तुम्ही विचारलंत, तेव्हा माझ्या तोंडात घास होता आणि ग्यूहोनं सांगितलं होतं हो म्हण, म्हणून हो म्हणाले. चूक झाली. दुसऱ्या दिवशीच येऊन सांगायला हवं होतं, तेही केलं नाही. त्याची माफी मागते. पण घोड्याची आहे याची माफी मागणार नाही.

आई: पांढरी घोडी…

दासोम: हो.

आई: देवा रे. पांढरी घोडी. मी अख्ख्या गल्लीला सांगितलं. चर्चमधल्या बायकांना सांगितलं. सासूबाईंना…! ग्यूहो, तुला माहीत होतं?

ग्यूहो: आई, तसं बघायला गेलं तर दोन पंचांगांमध्ये…

आई: माहीत होतं की नव्हतं?

ग्यूहो: आई, हळू बोल, बाई येतील आत्ता खाली.

दासोम: माहीत होतं त्याला. आणि मी शाळेत हातवर-हातखाली करवत नाही, आई. मी मुलींना कुस्ती शिकवते. स्वतः जिल्ह्यात पहिली आले होते. हे खांदे पोहून झालेले नाहीत. किमचीचा डबा मी एकटीनं संपवला, कारण तशी किमची मी जन्मात खाल्ली नव्हती, हे मात्र अगदी खरं. शाळा मी सोडणार नाही. आणि मुलगी झाली, पुढच्या वर्षी झाली, तांबड्या घोड्याची झाली, तरी मी तिला मेंढी म्हणून वाढवणार नाही. बस. बोलून टाकलं. मार्चपासून घशात अडकलं होतं.

ग्यूहो: दासोम, जरा बस. पाणी घे.

दासोम: पाणी नको. तू बोल. आज मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. रविवारी माझी आई त्या टेबलाशी बसेल आणि माझी खरी तारीख सांगेल, अभिमानानं सांगेल. तेव्हा तू तिच्या बाजूनं असशील की टेबलाखाली? टेबलाखाली असलास तर आत्ताच सांग. हे पोलकं उतरवते आणि लग्नही उतरवते. रडेन चार दिवस. पण मेंढीशी लग्न करायचं असेल तर मेंढी शोध, मी नाही.

ग्यूहो: मी… आई, चूक माझी आहे.

आई: ते दिसतंच आहे!

ग्यूहो: नाही, ऐक ना. तिनं दुसऱ्याच दिवशी मला म्हटलं होतं, जाऊन सांगते. मी नको म्हणालो. पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नको म्हणालो. तू गुणगुणत होतीस ना आई, मला ते ऐकायला बरं वाटत होतं. तुला मी कधी गुणगुणताना बघितलंच नव्हतं. म्हणून मी हिला दाबत राहिलो. पण मला मेंढी नकोय. मला पाठीवर टाकणारी हवीय. रविवारी मी बोलेन. बाबांशी, आजीशी, मीच. तिच्या आईला बोलायची वेळच येणार नाही.

दासोम: नक्की?

ग्यूहो: नक्की.

दासोम: पुन्हा 'फक्त' म्हणालास तर?

ग्यूहो: तर वाळूत घाल.

आई: वा! वा रे वा! दोघांचं जमलं. आता माझं काय?

ग्यूहो: आई, राग काढ हवं तर, पण माझ्यावर काढ.

आई: तुझ्यावर नाही! हिच्यावर! एवढंच होतं ना गं? एवढंच तर होतं. गप्प बसायचं, हो म्हणायचं, हसताना तोंडावर हात धरायचा. मार्च ते ऑक्टोबर! तेवढंही जमलं नाही तुला? मला जमतंय ना जन्मभर!

ग्यूहो: काय जमतंय?

आई: काही नाही.

ग्यूहो: आई, काय जमतंय?

आई: काही नाही म्हटलं ना. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंना हाक मार, उशीर होतोय.

दासोम: आई, बसा. या स्टुलावर बसा. एवढा आवाज का चढवलात?

आई: रागानं. दुसरं काय?

दासोम: मीही मघाशी रागानंच ओरडले. बोलले आणि मोकळी झाले.

आई: तू बोलू शकतेस गं. तुझ्या आईनं तुला तुझ्या तारखेसकट जन्माला घातलं. माझ्या बापानं मला दडवलं.

ग्यूहो: दडवलं म्हणजे?

आई: म्हणजे काय म्हणजे! कागदावर मी सदुसष्टची, मेंढी. पण मी जन्मले सहासष्टला, उन्हाळ्यात, भरदुपारी. तांबड्या घोड्याच्या वर्षात. त्या वर्षी आमच्या गावात एकही मुलगी जन्मली नाही म्हणे. सगळ्या पुढच्या वर्षी जन्मल्या, चालता येणाऱ्या, दात आलेल्या! माझ्या बापानं वर्षभर नोंदच केली नाही. मेंढीचं वर्ष लागलं, मग टोपी घालून गेला आणि नाव घालून आला.

ग्यूहो: बाबांना माहीत आहे?

आई: तुझ्या बाबांना? मला माझ्या बापानं कधी सांगितलं ठाऊक आहे? लग्नाच्या आदल्या दिवशी. अंगणात बोलावून म्हणाला, 'तू घोडी आहेस. सासरी कळू देऊ नकोस.' बस. त्या एका वाक्यावर पाठवणी.

दासोम: तोवर तुम्हाला माहीतच नव्हतं?

आई: नव्हतं गं, पण अंगात होतंच की. गावात ढोल-झांजांचं पथक होतं, सणाला निघायचं. पुढची झांज मी वाजवायचे. पुढची! बाप्यांच्याही पुढं. माझी झांज वाजली की मागच्यांनी पाय उचलायचा. हसले की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. आणि लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात याचे बाबा म्हणाले, 'मेंढीच्या बायका बऱ्या. घरात आवाज नसतो.' मग मी आवाज केला नाही.

ग्यूहो: आई…

आई: काय आई? तुला कुठं कळलं? तुझ्या वेळी कळा आल्या तेव्हासुद्धा मी कण्हले नाही. तुझी आजी बाहेर बसली होती. म्हणाली, 'बघा, मेंढी आहे.' तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि सवय लागते गं बाई. मला तर आता वाटतं, मी खरंच मेंढी असेन. कधी कधी मात्र भांडी घासताना झाकणावर झाकण आपटतं, आणि हात तसाच दुसऱ्यांदा आपटायला जातो.

दासोम: आणि तरी तुम्ही माझ्यासाठी मेंढीच शोधलीत?

आई: तरी नाही, म्हणूनच! तुला इतकंही कळत नाही? मी म्हटलं, या घरात आता खरीखुरी मेंढी आणावी. जी मुळातच शांत आहे, जिला गप्प बसायला कष्ट पडत नाहीत. तिला नाटक करावं लागणार नाही. रात्री उशीत तोंड घालून ओरडावं लागणार नाही. म्हटलं, मी जे केलं ते दुसऱ्या पोरीला नको करायला लागू दे. ज्योतिषीणबाई म्हणाल्या, 'मिळाली, अस्सल मेंढी आहे,' आणि माझ्या जिवाला किती बरं वाटलं! म्हणून गुणगुणत होते. आणि तू… तू माझ्यासमोर बसून तेच नाटक करत होतीस. माझंच! आणि मला ओळखू आलं नाही. मला! याचा राग येतोय मला, दुसऱ्या कशाचा नाही.

दासोम: आई.

आई: रडू नकोस. पोलक्यावर डाग पडेल. नमुन्याचं आहे, परत करायचंय.

दासोम: तुम्हीच रडताय.

आई: मी कुठलंही पोलकं घातलेलं नाही. मला चालतं.

ग्यूहो: मला यातलं काहीच कळलं नव्हतं, आई.

आई: तुला कधी काय कळलंय? बापावर गेलायस. पण मघाशी बोललास ते बरं बोललास. जरा उशिरा बोललास, पण बोललास.

दासोम: आई, मी शाळा सोडणार नाही हे खरंच आहे हं.

आई: ऐकलं गं. बहिरी नाही झाले. कुस्ती कसली शिकवतेस, नुसती धरायची की पाडायचीसुद्धा?

दासोम: पाडायचीच. धरून काय करायचं?

आई: याला खरंच पाडलं होतंस?

ग्यूहो: आई, ते राहू दे ना.

आई: उचलून?

दासोम: उचलून.

आई: अगं बाई! एवढ्या मोठ्या धोंड्याला! हा शाळेत असतानासुद्धा मला उचलवत नव्हता.

ग्यूहो: मी इथंच उभा आहे.

आई: माहीत आहे. पण रविवारी काय व्हायचं ते डोळ्यांपुढं दिसतंय मला. सासूबाई चमचा खाली ठेवतील. त्यांनी चमचा खाली ठेवला की तुझे बाबा छताकडं बघायला लागतात. मग सगळे माझ्याकडं बघतील. नेहमी मीच सावरून घेते.

दासोम: या वेळी नका सावरू.

आई: मग काय करू?

दासोम: जेवा. मासा चांगला असतो म्हणे तिथला. माझी तारीख मी सांगेन, हा सांगेल. तुमची तुम्ही सांगायलाच हवी असं काही नाही. ती तुमची आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगा. किंवा नका सांगू. मी माझ्या तोंडातून काढणार नाही.

ग्यूहो: मीही नाही.

आई: तू तर नकोच काढूस. तू आधी हिची नीट काढ.

ग्यूहो: आई, पण एक मिनिट. तू सहासष्टची, म्हणजे आत्ता एकोणसाठ. म्हणजे साठी पुढच्या वर्षी आहे. त्याच्या पुढच्या नाही.

आई: मला हिशेब येतो.

ग्यूहो: तसं नाही गं. साठाव्या वर्षी जन्माचं वर्ष रंगासकट फिरून येतं, तांबडा घोडाच परत येतोय. आणि आम्ही सगळे तुझी साठी मेंढीच्या वर्षी करणार होतो. चुकीच्याच वर्षी.

आई: हो. मी कालच मनाशी म्हणत होते. येईल आणि जाईल, कुणाला कळणार आहे? आपण त्या दिवशी थोडं चांगलंचुंगलं करून खावं, झालं. कुणालाच मी हे आजवर सांगितलं नव्हतं. आत्ता तोंडातून कसं निघालं कोण जाणे. हिनं माझं टाळकं फिरवलं.

दासोम: दुखतंय का?

आई: काय?

दासोम: टाळकं.

आई: नाही गं. रिकामं वाटतंय. भूक लागल्यासारखं. ए, पुस ते डोळे, बाई येतायत जिन्यावरून. ग्यूहो, सरळ उभा राहा. आपण काही भांडलो नाही.

दुकानवाल्या बाई: आले, आले! जिना चढून जीव गेला माझा. अहो, हे पोलकं काखेत ताणलंय की. नवरीला मोठं माप लागणार. आणि तोंड का उतरलंय? रंग पसंत नाही?

दासोम: नाही. मला गडद काहीतरी दाखवा. डाळिंबी असेल तर.

दुकानवाल्या बाई: आईंना चालेल ना? फिका तुम्हीच निवडला होता.

आई: घालायचं तिला आहे, मला काय विचारता?

दुकानवाल्या बाई: बरं बाई, नवरीचं नंतर काढू. आधी तुमचं बघते. नवऱ्या मुलाची आई म्हणजे निळा ठरलेलाच, पण निळ्यात छटा फार, मी वर्ष बघून काढते. तुमचं वर्ष कोणतं?

आई: माझं?

दुकानवाल्या बाई: हो. जन्माचं.

ग्यूहो: आई, राहू दे हवं तर…

आई: सहासष्ट.

दुकानवाल्या बाई: सहासष्ट, सहासष्ट… म्हणजे घोडा.

आई: घोडा. तांबडा.

दुकानवाल्या बाई: बरं. मग हे फिके तागे ठेवून देते, तुम्हाला गडदच लागेल. हात वर करा बघू, माप घेते.